टोपकापी राजवाडा एका दिवसात : तयारी, पाहण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

इस्तंबूलहून परतलेल्या ओळखीच्या मंडळींना ‘टोपकापीतला जनानखाना पाहिलात का?’ असे विचारले, की बहुतेक वेळा एकच उत्तर येते : ‘वेळच उरला नाही.’ वेळ खरे तर पुरेसा असतो. चुकतो तो क्रम. उस्मानी सुलतानांचा हा राजवाडा म्हणजे एकच भव्य इमारत नसून एकामागे एक अशी चार अंगणे, त्यांच्या कडेने पसरलेली दालने आणि त्यांना जोडणारे तीन मोठे दरवाजे अशी रचना आहे. त्यामुळे जो समोर दिसेल ते पाहत सरळ पुढे जातो, त्याला परत मागे यावे लागते, आणि मागे येईपर्यंत पाय थकलेले असतात, रांगा वाढलेल्या असतात आणि काही दालनांचा शेवटचा प्रवेश बंद झालेला असतो. पहिल्या खेपेला आमचेही नेमके हेच झाले. सहा जणांचे कुटुंब, त्यात गुडघेदुखीने बेजार झालेली आत्या. आम्ही आधी थेट टोकाच्या गच्चीवर जाऊन मनसोक्त छायाचित्रे काढली, चहा घेतला, आणि उतरत्या दुपारी जनानखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा तिथल्या रखवालदाराने नुसता हात आडवा केला. पुढचे टप्पे त्या अनुभवातून आणि त्यानंतरच्या खेपांतून बेतलेले आहेत.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

टोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो. ही गोष्ट बहुतेकांनी कुठेतरी वाचलेली असते, पण सहलीचा आराखडा आखताना ती विसरली जाते, कारण आपल्याकडे संग्रहालयांची सुट्टी सहसा सोमवारी असते आणि डोक्यात तोच हिशेब पक्का बसलेला असतो. गोंधळ वाढवणारी दुसरी बाब म्हणजे त्याच शहरातला दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी बंद असतो आणि झाकलेला जुना बाजार रविवारी. त्यामुळे इस्तंबूलमध्ये तीनच दिवस असतील तर कागदावर तीन रकाने आखावेत, प्रत्येक ठिकाणाचा बंद वार लिहावा आणि मगच मुक्कामाच्या तारखा बसवाव्यात.

शुक्रवारचा वेगळा विचार करावा लागतो. राजवाडा त्या दिवशी उघडा असतो, मात्र शेजारची आया सोफिया ही मशीद जुम्म्याच्या नमाजामुळे पर्यटकांसाठी दुपारी अडीचच्या सुमारापर्यंत बंद असते. दोन्ही एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट असेल तर शुक्रवार टाळावा, किंवा सकाळ राजवाड्याला देऊन आया सोफिया दुपारनंतर ठेवावी. रमजान ईद आणि बकरी ईदच्या दिवसांत उघडण्याच्या वेळा बदलतात, शिवाय तुर्की कुटुंबे स्वतःच सुट्टीवर निघालेली असल्यामुळे गर्दी विलक्षण असते. त्या तारखा टाळता येत असतील तर टाळाव्यात.

दरवाजे सकाळी ९ वाजता उघडतात. बंद होण्याची आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ मात्र आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहावी, कारण शेवटचा प्रवेश हा बंद होण्याच्या बराच आधी असतो आणि आतल्या काही दालनांचा त्याहून आधी.

*तपासणी :* भारताच्या आणि तुर्कस्तानच्या वेळेत अडीच तासांचा फरक आहे आणि तुर्कस्तानात घड्याळ ऋतूनुसार पुढे-मागे होत नाही. तिकीट मुंबईत बसून काढत असाल तर तारीख आणि वेळ तिथलीच धरली आहे ना, हे पाहून घ्यावे.

२. व्हिसा आणि तिकीट : जाहिराती ओलांडून अधिकृत जागी जा

भारतीय पारपत्र असलेल्यांना तुर्कस्तानचा इ-व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा अथवा तिथला रहिवासी परवाना हाती असेल तरच इ-व्हिसाचा मार्ग खुला असतो, आणि इथे नेहमी होणारी चूक अशी की त्या देशाचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा दाखवला तरी चालेल असे गृहीत धरले जाते. तो चालत नाही. पारपत्रावर चिकटवलेला व्हिसा किंवा प्रत्यक्ष परवाना लागतो. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी नेहमीचा स्टिकर व्हिसा काही आठवडे आधी काढावा. अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक असलेली आणि परतीच्या प्रवासात इस्तंबूलला थांबणारी मराठी कुटुंबे इथे सुदैवी ठरतात, परंतु घरातल्या प्रत्येकाचे कागद वेगळे असू शकतात. मुलाकडे अमेरिकेचे पारपत्र, आईकडे भारतीय पारपत्र आणि ग्रीन कार्ड, सोबत आलेल्या आजींकडे केवळ पर्यटक व्हिसा : अशा घरात एकाच्या कागदांवरून सगळ्यांचा अंदाज बांधू नये.

राजवाड्याच्या तिकिटाबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, शोधयंत्रात वरच्या बाजूला येणारी बहुतेक संकेतस्थळे दलालांची असतात. ती बनावट असतीलच असे नाही, पण तिकिटावर स्वतःचा मलिदा चढवून ‘रांगेशिवाय प्रवेश’ या नावाखाली विकतात. राजवाड्याचा कारभार तुर्कस्तानच्या ‘मिल्ली सरायलर’, म्हणजे राष्ट्रीय राजवाडे या सरकारी यंत्रणेकडे आहे, आणि सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट टीआर’ असते. इ-व्हिसालाही हीच खूण लागू पडते.

दुसरी, तिकिटात काय समाविष्ट आहे ते ओळ न ओळ वाचावे. जनानखान्याचे तिकीट पूर्वी वेगळे असे, पुढे परदेशी पाहुण्यांसाठी राजवाडा, जनानखाना आणि आया इरिनी हे आवारातले जुने चर्च असे एकत्र तिकीट आले. दलालांच्या पानांवर अजूनही जुनी वर्णने पडून असतात. ‘हरेम’, म्हणजे जनानखाना, हा शब्द तिकिटावर स्पष्ट दिसलाच पाहिजे.

तिसरी, शहराचा संग्रहालय-पास घ्यायचा विचार असेल तर त्यात टोपकापी आणि जनानखाना दोन्ही आहेत का, हे घेण्याच्या दिवशी तपासावे. या पासाचे नियम आणि किमती वारंवार बदलतात, आणि मित्राने दोन वर्षांपूर्वी दिलेला सल्ला इथे कुचकामी असतो.

*इशारा :* ‘रांगेशिवाय प्रवेश’ याचा अर्थ तिकिटाच्या रांगेशिवाय. बॅगा तपासण्याची सुरक्षा-रांग कोणालाच चुकत नाही.

*तपासणी :* तिकिटाच्या क्यूआर कोडचे चित्र फोनमध्ये उतरवून ठेवावे. दगडी भिंतींच्या आड नेटवर्क दगा देते, आणि हा कोड एकदा नव्हे तर तीनदा दाखवावा लागतो : दुसऱ्या दरवाजाशी, जनानखान्याशी आणि आया इरिनीशी.

३. आदल्या रात्रीची पिशवी

पिशवी लहान असावी. मोठी सूटकेस घेऊन राजवाड्यात शिरता येत नाही, म्हणून हॉटेल सोडण्याच्या दिवशी टोपकापी ठेवला असेल तर सामान हॉटेलातच ठेवण्याची व्यवस्था आधी करावी. विमान बदलण्याच्या मधल्या वेळेत येणाऱ्यांनी सामान विमानतळावरच्या सामानघरात ठेवून यावे. अशा प्रवाशांसाठी एक स्पष्ट मत नोंदवतो : युरोपीय बाजूच्या नव्या विमानतळावरून राजवाड्याजवळच्या सुलतानअहमत परिसरात पोहोचायला दीड तास धरावा लागतो, परतीला तितकाच, त्यात पारपत्र-तपासणी आणि पुन्हा सुरक्षा-रांग, तेव्हा दोन विमानांमध्ये दहा तासांपेक्षा कमी अंतर असेल तर राजवाड्याचा नाद सोडावा.

पादत्राणे ही सर्वांत महत्त्वाची वस्तू. अंगणांत गोट्यांची फरसबंदी आहे, जनानखान्यात झिजून गुळगुळीत झालेले उंबरे आणि पायऱ्या आहेत, आणि पाऊस पडून गेल्यावर संगमरवर निसरडा होतो. कोरी करकरीत चप्पल किंवा उंच टाचा इथे नकोत.

स्त्रियांनी एक ओढणी किंवा रुमाल सोबत ठेवावा. राजवाड्यात सरसकट डोके झाकण्याची सक्ती नाही, पण पवित्र अवशेषांच्या दालनात अंगभर कपडे अपेक्षित असतात आणि दुपारी मशिदीत जायचे झाले तर ओढणी लागतेच. पुरुषांनीही अर्धी चड्डी टाळावी.

पैशांच्या बाबतीत, कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, आपले यूपीआय धरून चालू नये. कार्ड यंत्रात घातल्यावर ‘रुपयांत भरायचे की लिरात?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर नेहमी लिरा निवडावा. रुपये निवडले की विनिमयाचा दर समोरचा ठरवतो आणि तो आपल्या सोयीचा कधीच नसतो. स्वच्छतागृह, खाऊ, पाणी अशा किरकोळ गोष्टींसाठी थोडे सुटे लिरा मात्र खिशात असू द्यावेत.

शाकाहारी मंडळींनी सकाळी हॉटेलातला नाश्ता नीट करून निघावे. राजवाड्याच्या आतले खाणे महाग आणि मोजके आहे. बाहेर सिमीत, म्हणजे तीळ लावलेले कडे, सर्वत्र मिळते; चीज किंवा पालक भरलेले गोझलेमे हे पातळ पोळीसारखे असल्याने आपल्याला रुचते. मसूरडाळीचे मेर्जिमेक सूप मात्र न विचारता घेऊ नये, कारण ते अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘एत सुयू’ म्हणजे मांसाचे पाणी, ‘एतसिझ’ म्हणजे मांसाविना. हे दोन शब्द पाठ असले की काम भागते.

४. पोहोचणे : ‘टोपकापी’ थांब्यावर उतरू नका

हा परिच्छेद वगळून कोणीही पुढे जाऊ नये. टी-१ या ट्रामच्या मार्गावर ‘टोपकापी’ नावाचा थांबा आहे आणि त्याचा राजवाड्याशी काहीही संबंध नाही. तो शहराच्या पश्चिमेकडच्या जुन्या तटबंदीजवळ, राजवाड्यापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. नकाशात नुसते ‘टोपकापी’ टाकले की हाच थांबा सुचवला जातो, टॅक्सीवाल्याला नुसते ‘टोपकापी’ सांगितले तरी तीच गत होऊ शकते. नाव पूर्ण घ्यावे : ‘टोपकापी सरायी’.

उतरायचे ते ‘सुलतानअहमत’ थांब्यावर. तिथून आया सोफिया डाव्या हाताला ठेवून चालत राहिले की तिच्या मागच्या बाजूला एक सुशोभित, रुंद छपराचे कारंजे दिसते. ते तिसऱ्या अहमदचे कारंजे, आणि त्याच्या समोरच राजवाड्याचा पहिला दरवाजा, बाब-ई-हुमायून. हे अंतर सावकाश चालत दहा मिनिटांचे आहे. ‘गुलहाने’ थांब्यावरूनही येता येते, पण तिथून चढ आहे. सोबत वयस्क माणसे असतील तर सुलतानअहमतच बरे.

नव्या विमानतळावरून मेट्रोने यायचे तर एम-११ ने गायरेत्तेपे, तिथून एम-२ ने वेझनेजिलेर, आणि थोडे चालून लालेली थांब्यावरून टी-१ ट्राम. आशियाई बाजूला उतरला असाल तर मार्मराय रेल्वेने समुद्राखालून सिर्केजी आणि तिथून ट्राम. यासाठी इस्तंबूलकार्त हे भरणा करण्याचे कार्ड स्थानकावरच्या यंत्रातून घ्यावे.

*इशारा :* कारंज्यापासून दरवाजापर्यंतच्या पट्ट्यात ‘आज तिकीटखिडकी बंद आहे’, ‘माझ्याबरोबर आलात तर थेट आत’ असे सांगणारे सभ्य पोशाखातले लोक भेटतात. कोणी अस्खलित इंग्रजीत ‘भारतातून आलात का?’ म्हणत आपुलकी दाखवली तर ती वाट बहुधा गालिच्यांच्या दुकानात संपते. बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर ‘चुकून’ पडला तर उचलून देऊ नये. उपकार म्हणून तो पॉलिश करतो आणि मग पैसे मागतो.

*तपासणी :* पावणेनऊला पहिल्या दरवाजाशी असावे. सव्वानऊ आणि दहा यांत जो फरक पडतो, तो पन्नास माणसांच्या चार-पाच गटांचा असतो.

५. पहिले अंगण : थांबू नका

पहिल्या दरवाजातून आत आले की मोठे, झाडांचे, बागेसारखे अंगण लागते. इथे येईपर्यंत तिकीट लागत नाही. डाव्या हाताला विटांची जुनी इमारत दिसते ती आया इरिनी, बायझंटाइन काळातले चर्च. ती तिकिटात असली तरी आता पाहायची नाही. ती तिकिटाच्या दरवाजाबाहेर असल्यामुळे परतताना वाटेवरच लागते. अंगणात मांजरी पुष्कळ आहेत आणि मुले तिथेच रमतात. त्यांना परतताना भेटण्याचे आश्वासन द्यावे.

तिकीट आधी काढले नसेल तर खिडक्या याच अंगणात, दुसऱ्या दरवाजाच्या अलीकडे आहेत. हा दुसरा दरवाजा, बाब-उस-सलाम, दोन बाजूंच्या निमुळत्या टोकदार बुरुजांमुळे लगेच ओळखू येतो. इथे बॅगा यंत्रातून जातात.

*इशारा :* या दरवाजातून एकदा बाहेर पडले की त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येईल असे गृहीत धरू नये. बाहेर जेवून परत येऊ, ही योजना इथेच बारगळते.

६. दुसऱ्या अंगणातून थेट डावीकडे : जनानखाना आधी

दुसऱ्या अंगणात शिरताच उजवीकडे स्वयंपाकघरांच्या धुराड्यांची लांबच लांब ओळ आणि समोर तिसऱ्या अंगणाचा दरवाजा, बाब-उस-सआदा, दिसतो. नव्याण्णव टक्के माणसे समोर किंवा उजवीकडे जातात. आपण डावीकडे, उंच मनोऱ्याच्या दिशेने जायचे. त्या न्याय-मनोऱ्याच्या पायथ्याशी जनानखान्याचे प्रवेशद्वार आहे.

जनानखाना आधी का, याची दोन कारणे आहेत. एक तर तिथले मार्ग अरुंद आहेत. मार्गदर्शकासह आलेला एक गट एखाद्या दालनाच्या तोंडाशी उभा राहिला की मागचे सगळे अडकतात, आणि दुपारी हा प्रकार प्रत्येक दारात होतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जनानखान्याचा फेरा एकमार्गी आहे आणि त्याची बाहेर पडण्याची वाट, कुशहाने दरवाजा, तिसऱ्या अंगणात उघडते. म्हणजे आपण दुसऱ्या अंगणातून आत शिरतो आणि काही न चुकवता तिसऱ्यात निघतो. दुसऱ्या अंगणातले उरलेले सारे परतीच्या वाटेवर आपोआप येते. खजिना आधी पाहावा असे सांगणारेही आहेत, परंतु खजिन्याची रांग मोकळ्यावर असते आणि सरकत राहते. जनानखान्यातली कोंडी सरकत नाही.

आत तीनशेहून अधिक खोल्या आहेत, उघडा आहे तो त्यांतला एक भाग, आणि त्यालाही एक ते सव्वा तास लागतो. सुरुवातीचा हबशी रखवालदारांचा चौक, राजमातेची दालने, सुलतानाचा मोठा दिवाणखाना अशी वाट जाते. घाई कुठे करायची नाही ते सांगतो : तिसऱ्या मुरादच्या दालनात. १५७८ सालचे हे दालन वास्तुकार सिनानचे. इझनिक गावच्या निळ्या-लाल चकचकीत फरशांनी भिंती घुमटापर्यंत भरून गेल्या आहेत, आणि एका भिंतीत संगमरवरी कारंजे बसवले आहे. त्याचा उपयोग नुसता शोभेचा नव्हता. पाण्याच्या आवाजात बोलणे बुडावे आणि दाराआडच्या कानांना काही कळू नये, अशी ती सोय होती. आमची आत्या त्या कारंज्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे भिंतींना कान सगळीकडेच असतात.’ त्यालगतच तिसऱ्या अहमदची लहानशी फळांची खोली आहे. भिंतीभर फळांच्या टोपल्या आणि फुलदाण्या रंगवलेल्या आहेत. दार लहान असल्यामुळे अनेक जण ती न पाहताच पुढे सरकतात.

*तपासणी :* गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना जनानखान्यात बसायला जागा जवळजवळ नाहीत. त्यांना फेरा झेपणार नसेल तर हे दारातच ठरवावे, कारण एकमार्गी वाटेतून मधूनच मागे फिरणे अवघड जाते. अशा वेळी घरातल्या एकाने त्यांच्यासोबत बाब-उस-सआदातून सरळ तिसऱ्या अंगणात जाऊन सावलीत बसावे. बाकीचे तिथेच येऊन मिळतात.

७. तिसरे अंगण : अवशेष, मग खजिना

कुशहाने दरवाजातून बाहेर आलात की डाव्या कोपऱ्याकडे वळा. तिथे हास ओदा, म्हणजे सुलतानाचे खासगी दालन आहे आणि त्यात पवित्र अवशेष ठेवलेले आहेत : प्रेषितांचा झगा ज्यात जपला आहे ती पेटी, तलवारी, मुसाची म्हणून मानली जाणारी काठी. आत कुराणपठण अखंड चालू असते. मोठ्या आवाजात बोलणारा माणूस दोन पावलांत आपोआप गप्प होतो, तरी मुलांना आधी सांगून ठेवलेले बरे. तुर्की भाविकांसाठी हे प्रदर्शन नव्हे, दर्शन आहे. ते हात पसरून, ओठ हलवत उभे असतात, तेव्हा त्यांच्या आणि पेटीच्या मध्ये फोन धरून उभे राहू नये.

नंतर अंगण ओलांडून समोरच्या बाजूला खजिना. रांग फार लांब दिसली तर गच्चीचा टप्पा आधी उरकून परत यावे. दोन्ही ठिकाणे जवळ आहेत. खजिन्यात बहुतेकांची नजर ८६ कॅरटच्या ‘चमचेवाल्याच्या हिऱ्या’वर असते, आणि त्याच्याभोवतीची गर्दी पाहूनच तो कुठे आहे ते कळते. माझा सल्ला असा की मुठीवर तीन मोठे पाचू बसवलेल्या खंजिरासाठी जास्त वेळ ठेवावा. तो नादिरशहाला भेट म्हणून पाठवण्यासाठी घडवला होता : १७३९ साली दिल्ली लुटणारा तोच नादिरशहा. भेट वाटेत असतानाच, १७४७ मध्ये, तो मारला गेला आणि खंजीर इस्तंबूलला परतला. आपल्या शाळेच्या इतिहासात अर्ध्या पानात उरकलेले नाव इथे अचानक काचेपलीकडे समोर येते.

*इशारा :* अवशेषांच्या दालनात आणि खजिन्यात छायाचित्रणाला बंदी आहे. ‘फ्लॅश बंद केला की चालते’ हा गैरसमज आहे. रखवालदार फोन खाली करायला लावतात, आणि दुसऱ्यांदा सांगताना आवाज चढलेला असतो.

८. चौथे अंगण : बसण्याची जागा हीच

इथवर साडेअकरा-बारा वाजलेले असतात. चौथ्या अंगणातली संगमरवरी गच्ची हे विसाव्याचे ठिकाण. एका बाजूला १६३९ सालचे बगदाद कोश्क (कोश्क म्हणजे बागेतला छोटा महाल), जवळच त्याच्याआधी तीन वर्षांचे रेवान कोश्क, आणि कठड्यावर सोनेरी छत्रीचा छोटा मंडप. त्या मंडपातून गोल्डन हॉर्नची खाडी दिसते. छायाचित्रासाठी तिथे नेहमी दहा-बारा माणसे ताटकळत असतात. घाई असेल तर चार पावलांवरच्या कठड्यावरून तोच देखावा मिळतो. पलीकडच्या टोकाला उपाहारगृह आहे. दृश्याचे पैसे द्यायची तयारी असेल तर चहा घ्यावा, पोटभर जेवणाची जागा ती नव्हे. हिवाळ्यात या गच्चीवर वारा झोंबतो, आणि उन्हाळ्यात सावली कमी असते.

९. परतीच्या वाटेवर दुसरे अंगण

आता तिसऱ्या अंगणातून, मध्यावरच्या तिसऱ्या अहमदच्या ग्रंथालयावरून आणि सुलतानाच्या भेटीच्या दालनावरून बाब-उस-सआदातून मागे यायचे. सकाळी वगळलेले दोन भाग आता पाहायचे आहेत.

मनोऱ्याशेजारचे मंत्रिमंडळाचे दालन छोटे आहे, दहा मिनिटे पुरतात. वजीर बसत त्या जागेच्या वर जाळीची खिडकी आहे. सुलतान तिच्यामागे असला किंवा नसला तरी खाली बसलेल्यांना तो आहे असेच धरून बोलावे लागे. शेजारी शस्त्रांचे दालन आहे.

समोरच्या बाजूच्या स्वयंपाकघरांना मात्र पाऊण तास द्यावा. लोक ती ‘भांडीच तर आहेत’ म्हणून सोडतात. चिनी मातीच्या भांड्यांचा हा जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक असून त्यात दहा हजारांहून अधिक चिनी नग आहेत, आणि अवाढव्य तांब्याच्या कढया पाहून लग्नाच्या मुदपाकखान्यात वावरलेल्या कोणालाही किती माणसांचा स्वयंपाक उठत असेल याचा अंदाज लगेच येतो. वर मान करून धुराड्यांचे घुमट आतून पाहायला विसरू नये.

*तपासणी :* बाब-उस-सलाममधून बाहेर पडण्यापूर्वी माणसे मोजावीत, स्वच्छतागृह उरकावे, आणि जनानखाना, अवशेष, खजिना, गच्ची, स्वयंपाकघरे ही पाच नावे एकदा मनात म्हणावीत. काही राहिले असेल तर ते आताच.

१०. आया इरिनी आणि उरलेली दुपार

पहिल्या अंगणात आल्यावर आता उजव्या हाताला येणाऱ्या आया इरिनीत वीस मिनिटे पुरतात. आत सजावट जवळजवळ नाही. अर्धघुमटात एक साधा क्रूस आहे आणि विटांचा, उजेडाचा मोठा अवकाश. सकाळपासून डोळ्यांवर चढलेल्या सोन्या-पाचूंनंतर तो बरा वाटतो.

एव्हाना दुपारचे दोन वाजून गेलेले असतात. याच दिवशी आया सोफिया, निळी मशीद आणि भूमिगत जलाशय अशी तिन्ही ठिकाणे उरकण्याचा बेत बहुतेकांच्या यादीत असतो. तो करू नये. एकच निवडावे. आया सोफियाचा नियम जानेवारी २०२४ पासून बदलला आहे : परदेशी पर्यटकांना २५ युरोचे तिकीट काढून वेगळ्या दाराने केवळ वरच्या सज्जात जाता येते, खालचा भाग नमाजासाठी राखलेला आहे. सज्जापर्यंत चढण आहे, त्यामुळे थकलेल्या गुडघ्यांना ती दुसऱ्या दिवशी सकाळीच बरी. निळ्या मशिदीला तिकीट नाही, पण नमाजाच्या वेळी पर्यटकांसाठी दार बंद होते. दाराशी लिहिलेल्या वेळा पाहून रांग लावावी. वयस्क मंडळी सोबत असतील तर जलाशय सोयीचा : खाली गारवा असतो आणि फेरा लहान आहे.

संध्याकाळी सुलतानअहमत थांब्यावर ट्राम आधीच भरून आलेली असते आणि दोन-तीन गाड्या सोडाव्या लागतात. त्याऐवजी गुलहानेच्या दिशेने उताराने चालत सिर्केजीपर्यंत यावे. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, वाटेत सिमीतच्या गाड्या लागतात, आणि सिर्केजीहून मार्मराय धरायची असेल तर ट्रामची गरजच उरत नाही.